वैशालीचं अक्षर छान आहे

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि घरी चार वर्षांची लेक आहे, त्यामुळे माझ्याकडे ते दोन्हीकडून येतात. त्या सत्रात मात्र वैशालीच्या काळजीनं माझी झोप उडाली होती. ती चंद्रपूरची, मेकॅनिकलच्या बॅचमधली एकटी मुलगी. परीक्षेत प्रत्येकानं एकट्यानं लेथवर लोखंडी दांडा कातून दाखवायचा होता, आणि हिनं लेथला हातही लावला नव्हता.

कारण विचारलं तर तिच्या ग्रुपमधला अनिकेत अगदी कौतुकानं म्हणाला, "मॅडम, वैशालीचं अक्षर छान आहे." म्हणून मुलं मशीन चालवायची आणि ही रीडिंग लिहायची.

*

मी ठरवलं, दर आठवड्याला कामं बदलायची. विभागप्रमुखांकडे गेले. पुण्यात हिंजवडीला तेव्हा नुकत्याच आयटी कंपन्या येऊ लागल्या होत्या. सर म्हणाले, मुली शेवटी कॉम्प्युटरसमोरच बसणार, त्यांना लेथ कशाला?

"सर, मुलंही तिथंच बसणार आहेत."

"मग त्यांनाही लिहायला लावा," सर म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

मी ती परवानगी समजले.

*

वर्कशॉपचे शिंदे सर सेफ्टीचे पक्के. ओढणी अडकेल, म्हणाले. वैशाली ओढणी काढून, अंगभर एप्रन घालून आली. मग म्हणाले, वेणी अडकेल. शेजारच्या लेथवर फॅशन म्हणून मानेपर्यंत केस वाढवलेला एक हिरो वाकून काम करत होता. वैशालीनं त्याच्याकडे पाहिलं, मग सरांकडे.

"सर, याचे चालतात?"

त्या दिवशी दोघांनाही टोप्या मिळाल्या.

*

अनिकेतची लिहायची पाळी आली. तासाभरात वैतागला. "मॅडम, लिहिता लिहिता मशीन बघायलाच मिळत नाही. शिकायचं कसं?"

"तेच तर मी केव्हाची सांगून राहिली," वैशाली म्हणाली.

एरवी तिच्या बोलण्याची नक्कल करणारी पोरं तेव्हा आपली लिहायची पाळी कधी, ते मोजू लागली.

*

माझ्याबद्दल फार चांगलं मत करून घेऊ नका. त्याच आठवड्यात घरचा नळ गळत होता. नवरा पान्यानं तो आवळत होता आणि समतेची ही पुरस्कर्ती शेजारी टॉर्च धरून उभी होती. टॉर्च मात्र छान धरला, असं तो म्हणाला.

*

परीक्षेच्या दिवशी पाळणाघर बंद, म्हणून लेकीला घेऊन गेले. वर्कशॉपच्या दाराशी स्टुलावर बसवलं. एकाचं काम झालं की पुढच्यानं मशीनखालचा चुरा झाडून घ्यायचा, अशी तिथली पद्धत. वैशालीनं दांडा कातला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माप घेतलं. पुन्हा घेतलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. पुण्यात याहून मोठं कौतुक नसतं. वैशालीनं टोपी काढली आणि बाहेर जाऊन घटाघटा पाणी प्यायली. अनिकेत तिच्या मशीनखालचा चुरा झाडू लागला.

तेवढ्यात विभागप्रमुख आले. निकाल ऐकून मान हलवली, आणि दाराशी बसलेल्या माझ्या लेकीच्या गालाला हात लावून म्हणाले, "काय गं, मोठी झालीस की तूही मशीन चालवणार का?"

तिनं अनिकेतकडे पाहिलं, मग सरांकडे.

"हो काका. पण झाडू तुम्ही मारायचा."