देवी पडली तेव्हा

अकोले तालुक्यातल्या आमच्या गावी बोहाड्याच्या उत्सवात रात्रभर मुखवटे चढवून देव-राक्षस नाचायचे. महिषासुराचं सोंग दरसाल आमच्या शिंप्याकडं. एरवी इतका मऊ माणूस, की माप घ्यायलासुद्धा "हात लावू का, गुरुजी?" म्हणून विचारायचा. पण सोंगाच्या दिवशी कडक उपास! राक्षसाच्या मुखवट्यालाही देवीसारखंच हळदकुंकू.

"अहो, राक्षसाची कसली पूजा?" मी एकदा विचारलं.

मशीन थांबवून म्हणाला, "त्यो बी तिचंच लेकरू हाय, गुरुजी. लई वाया गेलेलं, येवढंच."

त्या दुष्काळी सालची पहाट आठवली की आजही अंगावर काटा येतो! संबळाचा कडकडाट चाललेला. देवी झालेला सुतार तलवार उगारून धावला, पण जड मुखवट्यातून त्याला खड्डा दिसलाच नाही. देवी आडवी! तलवार लांब उडाली. आधीच पाणी नाही, त्यात हा अपशकुन! "मार, मार" ओरडणारे आम्ही जागीच थिजलो.

महिषासुरानं धावत जाऊन तिला उठवलं, तलवार कपाळाला लावून तिच्या हातात दिली, मागं सरला आणि डरकाळी फोडली, "मार आता, आई!"

तो कोसळला तसं अख्खं गाव नाचायला लागलं. देवीच्या बाजूचे आम्ही सगळेच होतो. धावला मात्र एकटा राक्षस.