शेपटीखालचा पिवळा रंग

नाईक शरणप्पाने सिग्नल दिला, म्हणून मी उठलो. कंपनी कमांडर साहेबांना मी असंच सांगितलं. ते खोटं होतं.

मी तेव्हा सेक्शनचा हवालदार, हुलसूरचा. शरणप्पा हुमनाबादजवळच्या खेड्यातला. पोस्टिंग ईशान्येच्या जंगलात. पेट्रोलिंगवर रेडिओ सायलेन्स असला की खुणेसाठी शीळ घालायची. मी आपल्याकडच्या शिंपी पाखराची शीळ ठरवली. टुविट, टुविट, टुविट. तीनदा, तोडून.

"हीच कामून घेतलाव, साब?" शरणप्पा म्हणाला. "हितं त्याचा चुलतभाऊ ऱ्हातोय. काळ्या मानेचा शिंपी."

"वरडताना आपल्याची बी मान काळीच दिसतीय की."

"मान बघू नका, शेपटीखाली बघा. आपला पांढरट, ह्यो पिवळा. आपला तोडून बोलतोय, ह्यो किर्रर्र लांबवतोय."

"पाखरांची सोयरीक जमवायलास व्हय रे?"

सगळे हसले. शीळ बदलली नाही.

त्या सकाळी शरणप्पा स्काउट म्हणून नाल्यापलीकडे गेला. वाट मोकळी असली तरच तो शीळ घालणार होता. पानांवरून पाणी ठिबकत होतं. मला थांबवत नव्हतं. वेताच्या जाळीतून आवाज आला आणि मी उठून नाल्यात उतरलो.

"साब, डाउन!"

त्या ओरडण्याने त्याची जागा उघड झाली. दबा धरून बसलेल्या अतिरेक्यांची पहिली बर्स्ट त्याच्यावर गेली. आम्ही उलट फायर केलं. सगळं शांत झाल्यावर मी त्याच्यापाशी पोचलो, तेव्हा तो गेला होता. वेतावर पाखरू पुन्हा बोललं. किर्रर्र. शेपटीखाली पिवळं होतं.

शरणप्पाची शीळ चुकली, ही गोष्ट त्याच्या गावापर्यंत पोचली.

आता मी पेन्शनीवर आहे. घरामागच्या लिंबोणीत शिंपी बोलला की उठतो, शेपटी बघून येतो. पांढरटच असते. बायको म्हणते, "बसा की जरा. सारखं कुटं पळायलाव?"

गेल्या महिन्यात हुमनाबादची बस धरली. शरणप्पाच्या वडिलांनी मला ओळखलं, चहा सांगितला. मग स्वतःच म्हणाले, "ल्हानपणापासून पाखरागत शीळ घालायचं पोरगं. त्याच येळी कसं चुकलं, कळंना बगा."

मी कप खाली ठेवून उभा राहिलो.

"अप्पा, त्यानं शीळ घातलीच न्हाई. ते पाखरू होतं. मी वळखलो न्हाई, अन् साहेबांसमोर त्याचं नाव घेतलो. तुमचं पोरगं चुकलं न्हाई. मी चुकलो. मला माफ करा."