एक जूनचे धुमाळसाहेब

धुमाळसाहेबांची आणि माझी पहिली भेट चपलांवरून झाली. पिंपरीच्या आमच्या कारखान्यात पंच ऑपरेटरच्या जागेसाठी मी मुलाखतीला आले होते. सांगवीहून दापोडीपर्यंत चालत आणि पुढे बसने, म्हणजे पायांवर ही धूळ! मशीनरूमच्या दाराशी चपलांची रांग होती. ती मला दिसली, पण कळली नाही. मी सरळ आत शिरले. मशीनसाठी आतली हवा गार ठेवलेली, म्हणून ऐन मे महिन्यात अंगात स्वेटर घातलेले एक गृहस्थ समोर आले आणि शांतपणे म्हणाले, "बाई, आधी चपला. मुलाखत मग."

तेच श्री. शंकरराव धुमाळ, आमच्या डेटा प्रोसेसिंग विभागाचे प्रमुख. त्यांनी मला कामगारांच्या नावांचा एक कागद दिला आणि कार्डं पंच करायला सांगितली. ज्यांनी ती पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. जाड कागदाचं लांबट कार्ड, त्यात अक्षरागणिक भोकं पाडायची, आणि ती भोकं मशीन वाचणार. टायपिंगच्या परीक्षेत मी पहिली आलेली, त्यामुळे टकटक करत कागद संपवला आणि ऐटीत बसून राहिले. साहेबांनी एक कार्ड उजेडाकडे धरलं. म्हणाले, "वेग झकास आहे. पण हे धोंडिबा आहेत, तुम्ही त्यांना दोंडिबा केलंत. इंग्रजीतला एक 'एच' वाचवून काय मिळवलंत?" मला वाटलं, गेली नोकरी. पण त्यांनी मला घेतलं. का घेतलं हे पुढे एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "चूक दाखवल्यावर तुम्ही मशीनला दोष दिला नाहीत."

साहेबांच्या षष्ट्यब्दीपूर्तीच्या गौरवग्रंथासाठी समितीने मला 'साहेबांनी नव्या प्रोग्रामरना दिलेला व्यावहारिक सल्ला' असा विषय दिला आहे. विषय भारदस्त आहे, पण साहेबांनी सल्ला असा कधी दिलाच नाही. त्यांनी आम्हाला चुका करू दिल्या आणि मग शेजारी येऊन बसले. हे बसणं शब्दशः घ्यावं.

बासष्ट साली साहेब या कारखान्यात आले ते साधे कारकून म्हणून. तेव्हा शेडवर पत्रे चढत होते आणि आवारात गुरं चरायला यायची म्हणे. पुढे कार्डं वेगळी करणारी यंत्रं आली, मग कॉम्प्युटर आला. साहेब प्रत्येक यंत्राबरोबर नव्याने विद्यार्थी झाले. इंग्रजी मॅन्युअल वाचायचं आणि समजलेलं मराठीत वहीत उतरवायचं, अशा त्यांच्या सात-आठ वह्या होत्या. त्या वह्यांवरूनच मी प्रोग्रामिंग शिकले. पंच ऑपरेटर मुलीने प्रोग्राम लिहायचा म्हटल्यावर बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. साहेबांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. एक दिवस वही माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "बर्वेबाई, शुक्रवारपर्यंत पहिली वीस पानं."

प्रोग्रामच्या कार्डांचा गठ्ठा बांधला की त्याच्या डोक्यावर निळ्या पेन्सिलीने एक तिरकी रेघ ओढायची, हा साहेबांचा दंडक होता. मला तो पोरखेळ वाटायचा. एकदा ट्रे घेऊन जिना उतरताना पाय अडखळला आणि सगळी कार्डं पायऱ्यांवर पसरली. रेघ ओढलेली नव्हती, तेव्हा कुठलं कार्ड कुठलं, देव जाणे! मी तिथेच रडायला लागले. साहेब आले, विजारीच्या घड्या सांभाळत पायरीवर बसले आणि एकेक कार्ड वाचून माझ्या हातात देऊ लागले. डब्याची सुट्टी तिथेच गेली. सगळं जुळल्यावर खिशातली निळी पेन्सिल काढून माझ्या हातात ठेवली. तिचा बोटभर तुकडा अजून माझ्याकडे आहे. रेघ असली की सांडलेला गठ्ठा डोळ्यांनीच लावता येतो, रेघ जुळली की क्रम जुळला. हे तेव्हा जे डोक्यात बसलं ते बसलंच.

पण हा लेख मी ज्यासाठी लिहायला घेतला, ती गोष्ट पेन्सिलीची नाही. ती माझ्या हातून झालेल्या एका चुकीची आहे. माझ्या चुकीने एक माणूस यादीतून नाहीसा झाला होता.

आमच्या टेपवर सगळ्या कामगारांची माहिती असे. दुरुस्तीची कार्डं वरचेवर पंच होत आणि त्यातून एकाच माणसाच्या दोन-दोन नोंदी तयार होत. त्या काढून टाकायच्या, हे मला मिळालेलं पहिलं स्वतंत्र काम. बिल्ला नंबर जुळवून चालणार नव्हतं. माणूस एका शॉपमधून, म्हणजे कारखान्यातल्या एका विभागातून, दुसऱ्यात गेला की बिल्ला बदलायचा. मग मी डोकं लढवलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख, एवढं सगळं जुळलं की माणूस एकच. दुसरी नोंद डुप्लिकेट, ती उडवायची. मला स्वतःचंच कौतुक वाटलं. साहेबांनी प्रोग्राम पाहिला, जरा थांबले, पण सही केली.

दहा-बारा दिवसांनी टेंपररी कामगारांपैकी कायम व्हायच्या लोकांची यादी याच टेपवरून छापली गेली आणि गेटजवळच्या फळ्यावर लागली. त्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी एक कामगार आमच्या दाराशी आला. टोपी हातात, चपला न सांगता बाहेर काढलेल्या. त्याच्यामागे पर्सोनेलचा, म्हणजे कामगारांच्या नेमणुका पाहणाऱ्या खात्याचा, कारकून, वैतागलेला.

"साहेब," तो कामगार म्हणाला, "मी मारुती बाबू कांबळे, कुरुळीचा. फळ्यावर नाव माझंच हाय. दोन जनांकडनं वाचून घेतलं. गावात पेढं वाटलं. आन् आता हे म्हंत्यात तो मी न्हाई. नाव माझं, मग मी न्हाई असं कसं?"

कारकून म्हणाला, "अहो, यादीत मारुती बाबू कांबळे एकच आहे आणि तो फाउंड्रीतला. बिल्ला त्याचा आहे. याला सांगून दमलो, मशीननं दिलंय ते, मशीन कशाला खोटं बोलेल? उद्या सकाळी पत्रांवर सह्या होतायत. याला सोमवारपासून ब्रेक आहे."

ब्रेक म्हणजे घरी बसायचं आणि पुन्हा कधी बोलावतील याची वाट बघायची. मारुती तीन वर्षं वाट बघत आला होता.

साहेबांनी त्याला खुर्ची दिली. तो बसेना, तेव्हा स्वतःच उभे राहिले. विचारलं, "मारुतराव, जन्मतारीख काय लावलीय?"

"एक जून."

"खरी?"

"खरी कुनाला ठावं, साहेब? शाळंत घालताना मास्तरांनी लावली."

साहेब हसले. "माझीही तीच. आई म्हणायची, तू भात काढणीच्या वक्ताला झालास. मास्तर म्हणाले, काढणी कॅलेंडरात बसत नाही, एक जून लिहा."

माझी पत्रिका आहे, तीत माझा जन्म घटका-पळांसकट मांडलेला. जन्मतारीख म्हणजे माणसाची खूण, असं मी धरून चालले होते. अर्ध्या कारखान्याला शाळामास्तरांनी एकाच दिवशी जन्माला घातलं असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं! फाउंड्रीतला मारुती बाबू कांबळे एक जूनचा, कुरुळीचाही एक जूनचा, मास्तरांनी अंदाजाने लावलेलं सालही एकच. माझ्या प्रोग्रामने दोघांचा एक केला आणि दुसऱ्याला पुसून टाकलं. पर्सोनेलने तर आमच्या यादीवर भिस्त ठेवून दोघांचे कागदही एकाच फायलीत टाचून ठेवले होते.

"साहेब, ही माझी चूक," मी कसंबसं म्हणाले.

"ते नंतर," साहेब म्हणाले. "आजोबा कुठे आहेत?"

हे आजोबा म्हणजे टेपचं रीळ. दर शुक्रवारी नवी टेप तयार व्हायची. तिला साहेब 'लेक' म्हणत. तिच्या आधीची 'बाप', त्याआधीची 'आजोबा'. तिन्ही पिढ्या जपायच्या आणि चौथीची पाळी आली की मगच आजोबांच्या रिळावर लिहायचं, हा त्यांचा नियम. रिळांची टंचाई होती, म्हणून महिन्याभरापूर्वी मीच हुज्जत घातली होती, की दोन पिढ्या पुरे, आजोबा कशाला पोसायचे? साहेबांनी ऐकलं नव्हतं. आता माझी साफसफाई व्हायच्या आधीची माहिती फक्त त्या एका रिळावर उरली होती आणि दुपारी बाराला त्याच्यावर नवं लिहिलं जाणार होतं.

रीळ मशीनवर चढलेलंच होतं. साहेबांनी ते स्वतःच्या हाताने उतरवलं, मागच्या बाजूची लिहू देणारी कडी काढून खिशात टाकली, मगच पुन्हा चढवलं. "आता चुकूनसुद्धा पुसलं जाणार नाही," म्हणाले. दोन मारुतींच्या दोन ओळी छापून निघाल्या. बिल्ले वेगळे, गावं वेगळी, भरतीच्या तारखा वेगळ्या. कुरुळीच्या मारुतीची नोकरी दुसऱ्यापेक्षा चार महिने जुनी. तो कागद मी ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचला.

मग साहेबांनी सगळे एक जूनवाले छापायला सांगितले, आणखी कुणी असं गेलंय का ते बघायला. प्रिंटर जो सुरू झाला तो थांबेचना! कागदाच्या घड्यांवर घड्या पडत राहिल्या. नशीब एवढंच, की नावासकट सगळं जुळणारी जोडी दुसरी निघाली नाही.

वर्क्स मॅनेजरांच्या केबिनमध्ये साहेब मला बरोबर घेऊन गेले. "चूक कोणाची?" हा पहिला प्रश्न. मी तोंड उघडणार तोच साहेब म्हणाले, "प्रोग्रामवर सही माझी आहे. यादी चुकलीय, एक नाव राहिलंय, हा पुरावा. पत्रांवर सह्या व्हायच्या आधी दुरुस्ती हवी." पुढची पंधरा मिनिटं त्यांनी जे ऐकून घेतलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. पण कागद मंजूर झाला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मला का बोलू दिलं नाहीत?"

"तुम्ही बोलला असतात तर ते तुमच्याशी भांडत बसले असते. आपल्याला भांडण नको होतं, मारुतीचं पत्र हवं होतं." मग थांबून म्हणाले, "शिवाय सही करताना मी स्वतः एक जूनचा आहे हे मला आठवायला हवं होतं. पण मारुतीला मात्र तुम्हीच सांगा. काय झालं, कसं झालं, सगळं."

मला ब्रह्मांड आठवलं. कँटीनच्या ओट्यावर मारुती कांबळे बसले होते, चहा तसाच गार झालेला. मी सांगितलं. ते नीट ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजी यंत्रानं न्हाई, तुमी काढलं व्हय मला?"

"हो. चुकून. पण मीच."

त्यांनी तो गार चहा एका दमात संपवला. मग म्हणाले, "मग बरं झालं, ताई. यंत्राला मी काय सांगनार व्हतो? मानसाला सांगता येतं."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात पत्र पडलं. पेढे आधीच वाटून झाले होते, म्हणून सोमवारी आमच्या विभागात गूळ-शेंगदाणे आले. साहेबांनी मशीनरूममध्ये खायला बंदी असल्याचं सांगून आम्हाला सगळ्यांना बाहेर पायऱ्यांवर नेलं आणि सर्वांत जास्त स्वतः खाल्ले.

त्यानंतर साहेबांनी प्रत्येक कामगाराला एक कायमचा नंबर द्यायला लावला. माणूस कुठल्याही शॉपमध्ये जावो, नंबर तोच. माणूस नोकरी सोडून गेला तरी तो नंबर दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. आणि कुठलाही नवा प्रोग्रामर आला, की फाइल बनवायच्या आधी त्याला आठवडाभर शॉपवर हिंडायला पाठवायचे. "ज्यांची माहिती भरताय, त्यांना आधी भेटून या," एवढंच सांगायचे. समितीला सल्ला हवा असेल, तर माझ्या मते तो हाच.

त्यांच्या मायेबद्दल किती सांगू? माझ्या बाळंतपणानंतर माझी जागा भरून टाकायचं घाटत होतं. साहेबांनी ती फाइल चार महिने स्वतःच्या खणात ठेवली आणि विचारणाऱ्याला दरवेळी सांगितलं, "फाइल शोधतोय." चिडायचेही. कुणी 'फालतू कार्ड' म्हटलं की त्यांचा पारा चढे. "कार्डावर माणूस आहे," म्हणत. त्या वेळी आम्ही मागे हसायचो. कुरुळीच्या मारुतीनंतर कुणी हसलं नाही.

गौरव समारंभ एक जूनला ठरला, तेव्हा साहेबांनी हरकत घेतली. "ती तारीख माझी नाही, मास्तरांची आहे." मग खरी सांगा म्हटलं, तर ती त्यांना ठाऊक नाही आणि सांगणारी आई आता नाही. समितीने एक जूनच पक्का केला. त्या दिवशी हार घालायचा मान मारुतराव कांबळ्यांनी मागून घेतला आहे. "साहेबांचा आन् माझा वाढदिस एकाच दिशी," असं त्यांनी समितीला ठणकावून सांगितलं म्हणे.

तेव्हा साहेब, एक जूनला आम्ही सगळे तुमच्यासाठी शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य मागणार आहोत. आणि तुमच्या मावळात भात काढणीला आलं, की कुठलीही तारीख न बघता आम्ही तुमच्या घरी येऊ आणि तेच मागणं पुन्हा मागू. मागणं तेच, माणूसही तोच, पण ही दुसरी नोंद मात्र कुणी डुप्लिकेट म्हणून काढून टाकायची नाही.