परक्या चुलीवरची पेज

खरं सांगायचं तर त्या यात्रेला मी भक्तीने गेले नव्हते. सासूबाईंचा नवस होता आणि सोबतीला कोणीतरी हवं होतं, म्हणून गेले. नव्वदच्या दशकातली, शेवटाशेवटाची गोष्ट. नाशिकला द्वारकेच्या चौकात ह्यांच्या स्कूटरला ट्रकने उडवलं आणि नऊ दिवस हे शुद्धीवर नव्हते. येवल्याजवळच्या गावाहून सासूबाई आल्या आणि दवाखान्याच्या व्हरांड्यातच बसून राहिल्या. केदारनाथ त्यांचा झालेला होता, आणि पशुपतिनाथाशिवाय ते दर्शन पुरं होत नाही असं त्या मानत. तिथेच त्या बोलून गेल्या, की पोरगा उठू दे, नेपाळात येऊन तुझ्या पायावर डोकं ठेवीन, आणि घर सोडल्यापासून दर्शन होईस्तोवर परक्या चुलीवरचं काही तोंडात घालणार नाही. हे उठले. वर्षभरात काठी टाकून चालायलाही लागले. नवस सासूबाईंचा होता, पण चूल माझ्या गळ्यात पडली.

नाशिकहून निघालेल्या यात्रेच्या बसबरोबर आचारी होता. बाकीची मंडळी पंगतीला बसली की मी धर्मशाळेच्या एखाद्या कोपऱ्यात आमचा पितळी स्टोव्ह पंप मारून पेटवायची. पहिले चार दिवस घरून आणलेल्या दशम्या पुरल्या. पुढे रोज आम्हा दोघींपुरता भात, पिठलं, उकळून गार केलेलं पाणी. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, त्यामुळे हात धरून नेणं-आणणंही माझ्याकडेच. लोक म्हणत, केवढं पुण्य लागतंय तुम्हाला! मला मात्र रात्री पाठ टेकली की एवढंच वाटायचं, की उद्या कोणीतरी मला आयतं ताट वाढावं. देवाचं नावही तोंडात येत नसे, इतकी मी शिणले होते.

अकराव्या दिवशी आम्ही सरहद्द ओलांडली. पुढे घाटात दरड कोसळलेली, म्हणून बस एका लहानशा बाजारात चार-पाच तास उभी राहिली. सगळे उतरून टपरीवरचा वाफाळता चहा आणि कढईतून काढलेले बटाटे खाऊ लागले. सासूबाईंना भूक लागली होती. स्टोव्ह माझ्या पायाशीच होता, बाटलीत रॉकेलही होतं. पण पुन्हा पंप मारायचा, पाणी उकळायचं, ते निवायची वाट बघायची, या विचारानेच अंग गळून गेलं. रस्त्याकडेला दगडी पन्हाळीतून काचेसारखं स्वच्छ पाणी पडत होतं. मी त्यातच त्यांच्यापुरते पोहे भिजवले, वर मीठ-साखर घातली.

"पाणी उकळलं ना गं?" सासूबाईंनी विचारलं.

"हो आई," मी म्हणाले.

त्या क्षणभर थांबल्या आणि मग मुकाट्याने खाऊ लागल्या. वर मी बसमधल्या शेजारणीला ऐटीत सांगितलंही, की आमचं बाई सगळं घरचं, ते टपरीवरचं आम्हाला चालत नाही. हे आठवलं की आजही मान खाली जाते.

काठमांडूला पोहोचलो आणि पहाटेपासून त्यांना उलट्या-जुलाब सुरू झाले. टपरीवरचं खाणारे सगळे ठणठणीत होते. यात्रेच्या व्यवस्थापकांनी डॉक्टर आणले. ते औषध देऊन, मीठ-साखरेच्या पुड्या हातात ठेवून म्हणाले, की उकळलेल्या पाण्यात कालवून घोट घोट पाजा, भाताची पातळ पेज द्या, आणि दुपारपर्यंत पोटात काही टिकलं नाही तर इस्पितळात हलवा. मी स्टोव्ह काढला, तर बसच्या धक्क्यांनी त्याचा वायसर गेलेला. किती पंप मारला तरी हवा धरेना. धर्मशाळेच्या स्वयंपाकघरातून पाणी आणते म्हटलं, तर सासूबाईंनी तोंड फिरवलं.

"परक्या चुलीचं नाय घ्यायची मी. माझ्या लेकाला काही झालं मंजी?"

ओठांना कोरड पडली होती. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. लेकाच्या जिवासाठी ही बाई स्वतःचा जीव घालवायला निघाली होती, आणि तिला या दशेला मी आणलं होतं. तिच्याजवळ शेजारणीला बसवून, स्टोव्ह उराशी आणि रिकामा तांब्या हातात धरून मी दुरुस्तीवाला शोधत बाहेर पडले. दुकानं अजून उघडायची होती. दोन गल्ल्या फिरून एका पायरीवर मी मट्कन बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून म्हणाले, देवा, माझ्याच्याने आता होत नाही, तूच बघ.

समोर एक बाई नुकतीच खाण्याची गाडी लावत होती. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळत होतं. तिने मला पाहिलं, एक वाडगा त्या उकळत्या पाण्यातून चिमट्याने बुडवून काढला, आणि शेवयांसारखं काहीतरी रस्सेदार, वाफाळतं त्यात वाढून माझ्या हातात दिलं. मांस नाही ना, एवढं मी विचारलं. तिने हसून मान हलवली. चटणीकडे माझा हात गेला तर तिने तो अडवला.

"वो नहीं दीदी, कच्चा पानी का है. जो आँख के सामने उबले, वही खाना."

मला हुंदकाच आला. मग मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. तिने लहान पातेलं घासलं, उकळत्या पाण्याने विसळलं, त्यात मूठभर तांदूळ टाकले आणि ढवळायचा डाव माझ्या हातात दिला. दुसऱ्या पातेल्यात पाणी उकळून माझ्या तांब्यात भरलं. रोज ती देवळाच्या दारापाशी बसायची. त्या दिवशी तिथून गाड्या हटवल्या होत्या, म्हणून ती पहिल्यांदाच या गल्लीत आली होती. यावर मी काही भाष्य करत नाही. घडलं ते सांगते.

पेज घेऊन आले. सासूबाईंनी विचारलं, "स्टोव्ह झाला व्हय नीट?" हो म्हणणं सोपं होतं. पण जीभ रेटेना.

"नाही आई. ही परक्या चुलीवरची आहे. आणि त्या दिवशीचं पाणीही मी उकळलं नव्हतं. खोटं बोलले मी."

त्यांनी फिरवलेलं तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाल्या, "आन इकडं. देवाला मी सांगते काय ते." पेज पोटात टिकली. मग पुडीचं पाणीही टिकलं. दुपार टळली तेव्हा त्यांना डोळा लागला होता.

तिसऱ्या दिवशी दर्शन झालं. बाहेर येऊन बसल्यावर मी भीत भीत विचारलं, "नवस मोडला, त्याचं काय सांगितलंत?"

"चूक माझी हाय म्हनलं."

"तुमची कशी?"

"त्या दिवशी स्टोव्हचा आवाज आलाच नाय. डोळ्याला दिसत नाय मला, पर कान हायेत की."

"मग खाल्लंत कशाला?"

"तू लय दमली व्हती. आनखी किती पळवू तुला?"

मी देवाला शोधायला निघालेच नव्हते, तरी त्याने मला त्या गल्लीतल्या वाडग्यात आणि या थकल्या बाईच्या घासात गाठलं. सगळं आपल्याच हातांनी पार पडतं, हा माझा ताठा तिथे उतरला. आजही प्रवासात समोर उकळलेलं पाहिलं की मी निर्धास्तपणे खाते, आणि आधी त्या गाडीवाल्या बाईला मनातल्या मनात नमस्कार करते.

त्या दिवशी ती देवळाच्या दाराशी तिच्या नेहमीच्या जागेवर परतली होती. सासूबाई माझा हात धरून उठल्या. "चल तिच्याकडं," त्या म्हणाल्या, "आता नवस फिटला. आज तुला बी कुनी वाढू दे." मी बाकावर बसले, आणि बारा-चौदा दिवसांनी निवांतपणे आयतं, गरम जेवले.