बिघडलेला हॉर्न

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आठवीतून शाळा सोडलेला माणूस मी, लिहिताना चुकलो तर सांभाळून घ्या... पण हे खरं आहे.

मी मूळचा गोंदियाकडचा. धुळे-जळगाव हायवेला पारोळ्याच्या अलीकडे नानांचं गाड्यांचं चार्जिंग स्टेशन आहे, तिथे कामाला असतो. अनोळखी मुलखात नानांनी काम दिलं, घरचं जेवण दिलं. त्यांचे उपकार विसरणार नाही.

मे महिन्यातली भर दुपार. इकडच्या उन्हात चार्जरची गन, म्हणजे गाडीत लावायचं टोक, तापते आणि चार्जिंग मंदावतं. म्हणून आम्ही तिच्यावर ओलं गोणपाट टाकतो. एका हाताने चार्जरचं लोखंडी दार धरायचं, वाकायचं, दुसऱ्या हाताने टाकायचं. रोजचंच.

भुसावळची एक गाडी लावलेली होती. मंडळी समोरच्या ढाब्यावर ताक प्यायला गेली होती. मी गोणपाट भिजवून निघालो... आणि गाडीचा हॉर्न वाजला.

आत बघितलं. कोणी नाही. काचा बंद.

चार्जरच्या दाराकडे हात नेला, पुन्हा हॉर्न! आता थांबेचना. कुणी जीव खाऊन दाबावा तसा. गोणपाट टाकून मी मागे पळालो. तेव्हाच तो बंद पडला.

गाडीवाले दादा धावत आले. "काय रे, सासऱ्याची गाडी आहे का? कशाला हात लावला?"

"नाही हो दादा, आईशप्पथ!"

तेवढ्यात ऑफिसातून नाना आले. गोणपाटाचं पाणी चार्जरपर्यंत गेलेलं बघून त्यांनी दाराला टेस्टर लावला. लाल दिवा लागला.

"सरक मागे! बठ्ठा लोखंडमा करंट शे!" नाना ओरडले. सगळ्या लोखंडात करंट उतरला होता. मेन बंद केल्यावर कळलं, अर्थिंगची वायर तुटलेली होती. ओल्या हाताने ते दार धरलं असतं तर... गावाकडे आईला माझ्याशिवाय कोणी नाही.

दादांचा चेहरा मात्र वेगळ्याच कारणाने उतरला होता. "हॉर्न वाजला, तो मीही ऐकला," ते हळूच म्हणाले, "पण तो सकाळपासून बंद आहे. धुळ्यात दुरुस्त करायचा होता."

त्यांनी आत बसून आमच्यासमोर दाबला. नाना दाबून बघत राहिले, मीही दाबला. आवाजच नाही.

नाना म्हणतात, उन्हाने वायर चिकटली असेल. असेल. पण मी हात नेला तेव्हाच का वाजला? वाचवणाऱ्याचे पाय धरले असते हो... पण मला त्याची भीतीच वाटते. आजही रिकाम्या गाडीला गन लावली की आत बघवत नाही.