जयाताईचा नंबर

दिग्रसच्या बसस्टँडासमोर आमचं एक शटर हाय. अर्ध्यात माझी शिलाई मशीन, अर्ध्यात जयाचं ऑनलाइन सेंटर. मी शीला. ब्लाउज शिवतो, फॉल-पिको करतो, अन् तोंडानं तिखट हावो हे साऱ्या लाइनीले माहीत हाय. जया तशी नाई. तिच्या तोंडून कोणाले वाकडा शब्द जात नाई, अन् तिच्या दुकानातून कोणतं पोरगं फॉर्म भरल्याबिगर परत जात नाई. हाच तिचा अभिमान होता. लोकंही म्हणत, जयाताईकडे जा, काम करूनच येशीन.

लग्न होऊन इथं आली तवा तिचं बी.ए. अर्धं राह्यलं होतं. नवरा संघदीप जिनिंगात वजनकाट्यावर. तो सकाळी जाये अन् ही दिवसभर घरात बसून भिंती पाहे. मंग सासूच्या मागं लागून कॉम्प्युटरचा कोर्स केला, राह्यलेलं बी.ए. पूर्ण केलं, अन् विद्यापीठाच्या पोरायचे परीक्षेचे फॉर्म भरू लागली. "मले कोणी सांगणारं नव्हतं म्हणून माझं वर्ष गेलतं," ती म्हणे, "दुसऱ्याचं काहून जाऊ देऊ?"

पण ते विद्यापीठाचं पोर्टल! बाप्पा बाप्पा! अर्धा फॉर्म भरला की बंद पडे, अन् सारं पहिल्यापासून. सारी बटणं इंग्रजीत, अन् तीही मुंगीएवढी. सगळ्यात मोठी कटकट ओटीपीची. पोराच्या घरच्या मोबाइलवर नंबर येणार, तो टाकल्याबिगर पुढचं पान उघडणार नाई, अन् एका मोबाइलवर एकच पोरगं. आता आमच्याकडची पोरं खेड्यातून, तांड्यावरून एसटीनं येणार. घरात एकच मोबाइल, तो बापाच्या खिशात, अन् बाप वावरात. मंग जया त्या बापाले फोन लावे, "भाऊ, आत्ता जो नंबर आला तो वाचून सांगा." कोणी आधीचाच नंबर सांगे, कोणाचा सांगता सांगता टाइम संपे. गंगीचा बाप देवसिंगभाऊ तर एकेक आकडा असा ओरडून सांगे, की माझ्या मशीनपर्यंत ऐकू ये. मागून त्याच्या बैलायच्या घंट्याही ऐकू येत. आम्ही दोघी हसून हसून लोटपोट होत होतो.

ही गंगी म्हणजे पुसद रोडवरच्या तांड्यावरची पोरगी. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाले. तिच्या तांड्यात पदवीपर्यंत पोचलेली पहिलीच पोरगी. निकाल लागला की बी.एड. करायचं अन् तांड्याजवळच्या आश्रमशाळेत शिकवायचं, हे तिचं ठरलेलं. बोलणं मातर कमी. एसटीतून उतरली की आमच्या दुकानात पाणी पिणार, माझ्या मशीनखालच्या चिंध्या उचलून ठेवणार, अन् कॉलेजात जाणार.

मागच्या हिवाळ्यात विद्यापीठानं ते पोर्टल नवं करायचं ठरवलं. त्यासाठी दीपा नावाची पोरगी दिग्रसले आली. वापरणाऱ्याले विचारल्याबिगर एक बटण बी बदलायचं नाई, असं तिचं काम. बहुतेक फॉर्म सेंटरवरूनच येतात हे तिले तिकडं दिसलं, म्हणून ती थेट जयाकडे आली. प्लास्टिकच्या स्टुलावर बसून नुसती पाहत राहे. जया अडकली की विचारे, "ताई, आत्ता इथं का थांबलात?" चांगली पोरगी होती, खोटं कायले बोलू. जयाचा चेहरा तर असा फुलला होता! इतक्या वर्षांत कोणी तिले विचारलंच नव्हतं.

एक दिवस गंगी फॉर्म भराले बसली होती. दीपानं स्टूल तिच्याकडे फिरवलं. "आणि तुला गं? तुला यात काय अडचण येते?"

गंगीनं ओठावरून जीभ फिरवली. "मॅडम, आमच्या तांड्यात..."

"तिले काय विचारता मॅडम," जया कीबोर्डवरचा हात न काढता बोलली, "तिच्या तांड्यात रेंजच नाई. या साऱ्या पोरायले माझा नंबर चालू द्या. मेसेज माझ्याकडे येऊ द्या, मी पाहतो. कटकटच नाई मंग."

गंगी हसली अन् खाली पाहू लागली. दीपानं लिहून घेतलं. अन् मी, शहाणी, मशीनवरून ओरडली, "एकदम बरोबर बोलली!"

नवं पोर्टल आलं. काय सांगू, नदरच लागावी असं झालं होतं! सारं मराठीत, बटणं मोठी, अर्धा फॉर्म ठेवून उद्या भरता ये. अन् एक चौकोन होता, 'केंद्राचा मोबाइल वापरा'. त्यावर टिचकी मारली की पोराचा ओटीपी, मेसेज सारं जयाच्या मोबाइलवर; गंगीचा फॉर्मही तसाच भरला. दीपानं फोन करून सांगतलं, "ताई, हे तुमच्यामुळं झालं." जयानं साऱ्या लाइनीत पेढे वाटले. मले दोन देल्ले.

मे महिन्यात परीक्षा लागल्या. त्या दिवशी गंगी दुपारी एसटीतून उतरली, नेहमीसारखी पाणी प्याले आली. माठातलं पाणी घेतलं, पेला तोंडाले लावला, तेवढ्यात कॉलेजची पोरं समोरून आली. घामेघूम, हातात पेपर. कोणता प्रश्न कसा होता ते बोलून राह्यले होते. गंगी पेला तसाच धरून बोलली, "कशाचा पेपर झाला?"

एक पोरगी म्हणे, "अवं आपलाच. दुपारचा होता ना, सकाळी केला. तुले मेसेज नाई आला?"

जयानं टेबलाचा खण उघडला. मोबाइल दिवसभर वाजते म्हणून ती त्याले आवाज बंद करून खणात ठेवे. तिनं तो पाह्यला. मी तिच्या तोंडाकडे पाह्यलं अन् मले समजलं. मेसेज आदल्या दिवशीच आला होता. साऱ्या पोरायचे साऱ्या जगाचे मेसेज, त्यात गंगीचाही. गावातल्या पोरायनं एकमेकायले सांगतलं होतं. तांड्यावर कोण सांगणार?

गंगी रडली नाई. पेला धुतला, माठावर पालथा ठेवला. "ताई, कॉलेजात जाऊन विचारतो," म्हणे. जया चपला न घालताच तिच्यामागं पळाली.

काही झालं नाई. कॉलेजवाले म्हणे विद्यापीठाले विचारा, विद्यापीठवाले म्हणे आम्ही मेसेज पाठवला होता, तुमच्या नोंदवलेल्या नंबरवर पोचल्याचं दिसते. दीपाले फोन लावला. ती बिचारी बोलली, "ताई, मी प्रयत्न करते, पण पेपर परत होणार नाही." आता पुढच्या परीक्षेत तो पेपर, अन् बी.एड. एक वर्ष पुढं गेलं.

जयाचं जेवण तुटलं. डबा उघडे, भाकर मोडे, अन् तसाच बंद करे. मी समजावलं, मंग मीच चिडली. "अवं, मुद्दाम केलं काय तू? लोकं खून करून जेवतात, अन् तू एका मेसेजपायी उपाशी मरून राह्यली!"

"तिनं तोंड उघडलं होतं, शीला," ती म्हणे. "मॅडमनं तिले विचारलं होतं. मी तिले बोलूच नाई देल्लं."

आमच्याकडे म्हणतात ना, बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात अन् न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. माझंच पाहा. पोरगी कापड घेऊन येते, सोबत सासू असते. सासू म्हणते बाही लांब ठेव, गळा बंद ठेव, अन् मी सासूले विचारून शिवतो. घालणारी उभीच राहते बाजूले.

आठवड्यानं देवसिंगभाऊ दुकानात आला. जया त्याले पाहून उभीच राह्यली, मले वाटलं आता हा बोलते. बोलला असता तर बरंच झालं असतं, मीच म्हणतो. त्यानं थैलीतून गावरान आंबे काढून टेबलावर ठेवले. "जयाबाई, पोरगी म्हणे तुम्ही अनवाणी पळाल्या तिच्यासाठी. एवढं कोण करते?" अन् गेला. त्या आंब्यायले जयानं हात लावला नाई. घरी ने म्हणलं तर म्हणे, "कोणत्या तोंडानं खाऊ?" शेवटी ते सडू लागले तवा मीच उचलले.

मंग तिनं सुरू केलं. येईल त्या पोराले, "तुझ्या घरचा मोबाइल घेऊन ये, तवाच भरतो." पोरं करकर करत. कोणी म्हणे, दुसऱ्या सेंटरवर एका मिनिटात होते, अन् तिकडं जाये. दुकान ओस पडलं. जिच्या दुकानातून कोणी परत गेलं नव्हतं, तीच आता पोरं परत पाठवे. मी कपाळ बडवलं. "त्या एका पोरीचं वर्ष गेलं, आता या पोरायचं घालवशील काय?" तर रडू लागली. "मंग सांग ना मले, काय करू?"

तिले काही सुचत नव्हतं, मलेही नाई. शेवटी तिनंच दीपाले फोन केला. "मॅडम, मागच्या वेळी तुम्ही चुकीच्या माणसाले विचारलं. आता माझ्यासोबत चला."

डवऱ्याचे, म्हणजे वावरात बैलानं कोळपायचे, दिवस होते. दीपा आली, आम्ही तिघी तांड्यावर गेलो. मी कायले गेली म्हणाल तर, जया वाटेतूनच परत फिरेल असं मले वाटत होतं. गंगीच्या याडीनं, म्हणजे मायनं, ओसरीत बाज टाकली, चहा केला. तांड्यात खरंच रेंज नव्हती, दीपानं मोबाइल इकडं तिकडं धरून पाह्यला. जया बाजेच्या काठावर बसली होती, पदराचा बोळा तोंडाशी. तिनं मले आधीच सांगतलं होतं, "मी बोलू लागली तर मले चिमटा काढ."

दीपा म्हणाली, "गंगी, मागच्या वेळी मी तुला विचारलं होतं, तुला काय अडचण येते. तू काहीतरी सांगत होतीस."

गंगीनं जयाकडे पाह्यलं. सवयच ती. जयानं खाली पाह्यलं.

"मॅडम," गंगी हळू बोलली, "मी म्हणून राह्यलती की आमच्या तांड्यात रेंज नाई, पण बाबाच्या वावरात येते. उतारावर."

बोट करून तिनं दाखवलं. समोर टेकडीच्या उतारावर देवसिंगभाऊ डवरं हाकून राह्यला होता. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, पळसाचं एक झाड होतं, अन् त्याच्या फांदीले प्लास्टिकची थैली बांधलेली दिसत होती.

"त्याच्यात मोबाइल असते. पोरीचं काही येईल म्हणून बाबा रोज सोबत नेते. वाजला की डवरं सोडून पळत येते. वाचता येत नाई त्यायले, आकडे तेवढे येतात. मंग घरी आणून मले दाखवते. मेसेज बाबाकडे बी येऊ द्या, इतकंच म्हणणार होती मी."

दीपानं ते लिहून घेतलं. वाऱ्यावर बैलायच्या घंट्या ऐकू येत होत्या. फोनवर ज्या ऐकून आम्ही दोघी हसत होतो, त्याच. इतक्या वेळा ऐकल्या, अन् वावरात रेंज असल्याबिगर त्या आमच्यापर्यंत पोचत कशा होत्या, हे एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं.

जयानं पदर काढला तोंडावरचा. "गंगे, मंग तवा बोलली काहून नाई वं?"

"तुम्ही बोलून राह्यलत्या ना, ताई," गंगी म्हणाली.