तपासणीविना गेलेला चष्मा

चष्म्याची भिंगं घासणाऱ्या त्या कारखान्यात सगळे त्याला दादा म्हणत, अगदी मालकसुद्धा. वय पंचावन्न, हाताखाली अकरा माणसं, आणि तीस वर्षांत त्याच्या हातून एखादं भिंग बिघडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. सकाळी यंत्रं सुरू व्हायच्या आधी तो सगळ्यांना ओळीत उभं करायचा, दोन मिनिटं प्रार्थना म्हणवून घ्यायचा आणि वर चार शब्द बोलायचा. चाराचे चाळीस कधी व्हायचे ते त्यालाही कळायचं नाही. रविवारी प्रार्थनामंडळाच्या सभागृहात तर त्याचं रीतसर भाषण असे. बायको म्हणायची, "तुम्ही घरी जेवायला येत नाही, भाषणाची तालीम करायला येता." तो हसायचा. त्याला ते कौतुकच वाटायचं.

आई लवकर गेली, तेव्हा त्याला मोठ्या बहिणीने वाढवलं. ताई आता सत्तरीची झाली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटीच राहायची. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला नवा नंबर काढून दिला तेव्हा तिने चिठ्ठी आणि जुना चष्मा भावाच्या हातात ठेवला.

"फ्रेम हीच राहू दे, नाकाला सवय झालीये. भिंगं तेवढी तू कर. दुसऱ्या कुणाचा हात नको."

त्याने स्वतःच केली. शनिवार होता. दुसऱ्या दिवशीच्या भाषणाचा विषय होता 'भरवसा', आणि भिंग यंत्रावर चढलेलं असताना तो त्या चिठ्ठीच्याच पाठीवर मुद्दे लिहीत होता. डाव्या डोळ्याचं भिंग कोणत्या कोनात बसवायचं, तो आकडा डॉक्टरांनी ऐंशी लिहिला होता. दादाने एकशे ऐंशी लावला. एरवी प्रत्येक चष्मा बाहेर पडण्याआधी तपासणीच्या टेबलावर जायचा. तिथे बसणाऱ्या बाई एकेक भिंग मोजून कार्डावर शिक्का मारायच्या. त्या दिवशी त्यांच्यापुढे ढीग पडला होता. "घरचंच काम आहे," म्हणत दादाने शिक्का उचलला आणि आपणच मारला.

आठवड्याने ताई म्हणाली, "अरे, जिन्याच्या पायऱ्या तिरक्या दिसतात मला."

"नव्या भिंगाची सवय व्हायला वेळ लागतो. धीर धर."

महिन्याने म्हणाली, "वाचताना ओळी एकमेकींवर चढतात."

"वय झालं आता, ताई. देवावर विश्वास ठेव."

तिने देवावर ठेवला आणि त्याच्यावरही. भाऊच या धंद्यातला, मग डॉक्टरांकडे पुन्हा कशाला जायचं? रोज सकाळी प्रार्थनेचं पुस्तक मोठ्याने वाचायची तिची सवय सुटली. भिंत धरून चालू लागली. माझे डोळे चालले, असं तिने शेजारणीला सांगितलं. भावाला मात्र सांगितलं नाही, उगाच त्याच्या जिवाला घोर नको म्हणून. चौथ्या महिन्यात जिना उतरताना तिचा पाय चुकला आणि ती पडली. मनगट मोडलं.

चष्म्याची दांडी वाकली होती. ती सरळ करायला दादा चष्मा कारखान्यात घेऊन गेला आणि हातासरशी भिंग मोजायच्या यंत्राखाली धरलं. आकडा बघून त्याने यंत्राची काच पुसली. पुन्हा धरलं. मग फाइलमधून चिठ्ठी काढली. पुढच्या बाजूला डॉक्टरांचा ऐंशीचा आकडा. मागे त्याच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं: भरवसा म्हणजे स्वतःला निर्धास्तपणे दुसऱ्याच्या हाती सोपवणं.

त्याने चिठ्ठीची घडी करून ती खिशात टाकली. कुणी बघितलं तर नाही ना, हा पहिला विचार त्याच्या मनात आला. ताईचा विचार त्याच्यानंतर आला. हा क्रम त्याला पुढे कितीतरी दिवस छळत राहिला.

नवं भिंग त्याच दिवशी करून तो ताईकडे गेला. तिने चष्मा लावला, खिडकीतून बाहेर बघितलं आणि समोरच्या दुकानाची पाटी मोठ्याने वाचली.

"म्हणजे माझे डोळे चांगलेच होते?"

"हो. कारखान्यात चूक झाली. तपासणीच्या टेबलावर."

आपण खोटं बोललो नाही, असं त्याने स्वतःला बजावलं. तपासायचं टेबलावरच तर राहिलं होतं.

"तिथे कोण बसतं?"

"आहेत एक बाई."

दोन दिवसांनी ताई कारखान्यात हजर झाली. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवलेला. विचारत विचारत ती थेट तपासणीच्या टेबलाशी गेली. "माझ्या चष्म्याचं मनाला लावून घेऊ नका हं," ती बाईंना म्हणाली. "माझा काही राग नाही. तेवढंच सांगायला आले. हा ओरडला असेल तुम्हाला, तर तेही विसरून जा."

बाईंनी ताईच्या हाताकडे बघितलं. मग दादाकडे. तो चार पावलांवर, फडक्याला हात पुसत उभा होता. एक वाक्य बोलला असता तरी पुरे होतं. तो फरशीकडे बघत राहिला.

"हो," बाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी नीट बघेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओळ उभी राहिली. बाई त्यांच्या नेहमीच्या जागी होत्या. दादाने कशीबशी प्रार्थना म्हटली आणि पुढे त्याची जीभच उचलेना. घसा बसलाय, असं त्याने सांगितलं. तेही खोटंच. घरी तो ताटावरून अर्धवट उठला. बायकोने विचारलं तेव्हा तिच्यावरच खेकसला. चौथ्या दिवशी कारखाना सुटल्यावर तो ताईकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं.

ताईने हातातलं पुस्तक मिटलं. "चूक झाली, त्याचं काही नाही रे. लहानपणी तुझ्या हातून काय कमी फुटलं? पण मी त्या बाईला माफी देऊन आले. चांगली मोठेपणाने देऊन आले. आणि तू उभा राहून बघत होतास."

"ताई, मला माफ..."

"माझ्याकडे नको. तिथे जा. आणि भाषण करू नकोस."

सकाळी ओळीपुढे तो एवढंच बोलला, "ताईचा चष्मा मी बिघडवला. शिक्काही मीच मारला. बाईंकडे तो चष्मा गेलाच नव्हता, आणि हे माहीत असून मी गप्प बसलो." कुणीतरी खाकरलं. दारात मालक उभे होते. ते आत निघून गेले. मग एकाने जाऊन यंत्र सुरू केलं, आणि त्या आवाजाचं दादाला बरं वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत तो बाईंच्या टेबलाशी गेला. "तुम्ही हो का म्हणालात?"

"तुमच्यासाठी हो म्हटलं नाही." त्यांनी मान वर केली नाही. "त्यांचा हात गळ्यात होता. तशा त्या जिने उतरून आल्या होत्या. 'तुमचा भाऊ खोटं बोलला' असं त्यांना कुठल्या तोंडाने सांगू? पण गेले चार दिवस इथले सगळे माझं काम दोनदोनदा मोजून बघत होते. ते तुम्हाला दिसत होतं ना?"

"दिसत होतं."

"मग झालं तर." त्यांनी पुढचा चष्मा ओढला. क्षमा केली असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मागायला त्याला तोंड नव्हतं.

रविवारचं भाषण त्याने दुसऱ्याकडे सोपवलं. मंडळाने आग्रह केला, पण तो मागच्या रांगेतच बसतो. कारखान्यात त्याचंही प्रत्येक भिंग आता तपासणीला जातं. वर्षभरात बाईंनी त्यातली दोन परत पाठवली. दोन्ही वेळा त्यांचंच बरोबर होतं. ताईचं मनगट भरून आलं. ती अधूनमधून बाईंच्या घरी जाते. दोघी काय बोलतात, हे तो विचारत नाही.

कारखान्यातले बाकीचे सगळे त्याला अजूनही दादा म्हणतात. बाई मात्र 'साहेब' म्हणतात.